मृणालताई गोरे : मोर्चातून विधानसभेत, आणि तिथूनही मोर्चातच

आरे_रोड (धागाकर्ता)

शेजारच्या धाग्यावर दोन-तीन जणांनी लिहिलं की समाजसेवक राजकारणात गेला की संपला, त्याने संस्था चालवावी, निवडणुकीच्या भानगडीत पडू नये. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी गोरेगावात वाढलो. आमच्याकडे "ताई" म्हटलं की कोण, हे कुणाला विचारावं लागत नसे. त्यामुळे हे मत मला पटणं शक्यच नाही.

मृणालताई मूळच्या मोहिले. जन्म २४ जून १९२८ चा. डॉक्टर व्हायला निघालेली ही मुलगी राष्ट्र सेवा दलाच्या कामात इतकी गुंतली की वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलं. लग्न केलं समाजवादी कार्यकर्ते केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी, आणि दोघांनी कामासाठी गोरेगाव धरलं. तेव्हाचं गोरेगाव म्हणजे मुंबई नव्हे, ग्रामपंचायतीचं गाव! ताई पहिल्यांदा निवडून आल्या त्या या ग्रामपंचायतीवर. १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतची उपनगरं मुंबई महापालिकेत आली तेव्हा गोरेगावही आलं. पुढच्याच वर्षी बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. माहेरी जाऊन अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करता आलं असतं. त्या गोरेगावातच राहिल्या. आरे रोडवरचं केशव गोरे स्मारक ट्रस्ट पुढे आमच्या भागातल्या सगळ्या चळवळींचं घर झालं.

१९६१ ला त्या महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्याचा प्रश्न हातात घेतला. हे जरा सविस्तर सांगतो, कारण "पाणीवाली बाई" हे नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्यामागे नेमकी काय भानगड होती ते आता कुणी सांगत नाही.

महापालिकेत आलो म्हणजे नळ येणार, अशी उपनगरातल्या लोकांची समजूत होती. मुख्य जलवाहिनी गोरेगावातून पुढे जायची, पण वस्तीत नळ नाही. कारण जोडणी मागायची कुणी? अर्ज करायला बांधकाम अधिकृत हवं, जागामालकाची संमती हवी. मालकाला भाडं हवं असतं, नळ नको असतो, कारण नळ आला की भाडेकरूचा पाय रोवला जातो. म्हणजे कागदोपत्री कुणीही पाणी नाकारलेलं नाही आणि बायका मात्र पहाटे हंडे-कळश्या घेऊन लांबच्या विहिरीवर. ताईंनी ही गाठ ओळखली. बायकांना घेऊन त्या वॉर्ड ऑफिसात जाऊन बसायच्या, अभियंत्यांना वस्तीत फिरवायच्या, सभागृहात तोच प्रश्न परत परत काढायच्या. खाली हंडा मोर्चा आणि वर सभागृहात प्रश्न, दोन्ही एकाच वेळी. मोर्चा काढणारे आणि सभागृहात बोलणारे वेगवेगळे असते तर वर्षानुवर्षं पत्रव्यवहारच चालू राहिला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे की ताई राजकारणात "गेल्या" नाहीत. पाणी महापालिकेत अडलं म्हणून महापालिकेत, महागाई मंत्रालयात अडली म्हणून विधानसभेत. १९७२ ला त्या आमदार झाल्या. बाकीच्यांनी भर घाला. विरोधी मतंही येऊ द्या.

---

सुलभा_चि

छान धागा काढलात. माझी आई लाटणे मोर्चाला गेली होती, म्हणून लिहिते.

७२-७३ चा काळ. राज्यात दुष्काळ, मुंबईत रेशनच्या रांगा. साखर नाही, डालडा नाही, रॉकेलसाठी पोरं सकाळपासून डबा ठेवून रांगेत. ज्वारी म्हणून जी मिळायची ती लालसर मिलो, भाकरी थापली की कडेने तुटायची. आई अजून सांगते की त्या भाकरीला कडा धरतच नसे, तव्यावर टाकेपर्यंत हातातच दोन तुकडे. आमचं घर एरवी राजकारणाच्या वाऱ्यालाही उभं न राहणारं. तरी आई गेली, कारण तिला बोलवायला कुठला पक्ष आला नव्हता, चाळीतल्या बायका आल्या होत्या. सांगितलं एवढंच की थाळी आणि लाटणं घेऊन या.

महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती असं पूर्ण नाव. समाजवादी मृणालताई, प्रमिलाताई दंडवते आणि कमलताई देसाई, मार्क्सवादी कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर, भाकपच्या तारा रेड्डी. यांचे पक्ष एरवी एकमेकांचं तोंड बघायला तयार नसत. या बायकांनी तेल, साखर, रॉकेल एवढ्यावरच बोट ठेवलं आणि बाकीचे वाद बाजूला ठेवले.

आईच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे. मोर्चानंतर आठवड्याभरात ताई विधानसभेत काय बोलल्या ते वर्तमानपत्रात आलं आणि चाळीत ते मोठ्याने वाचून दाखवलं गेलं. आपण थाळी वाजवली ती "आत" ऐकू गेली, असं पहिल्यांदा वाटलं म्हणते.

---

वैनतेय

सगळा आदर ठेवून विरोधी मत मांडतो.

१९७२ च्या विधानसभेत २७० पैकी २२२ आमदार काँग्रेसचे होते. १९८५ ला ताई पुन्हा आल्या तेव्हाही २८८ पैकी १६१ काँग्रेसचेच. म्हणजे विधानसभेत त्या कायम विरोधी बाकावर. संख्याबळ नाही, निधी वाटायला हातात खातं नाही. आणि १९७७ ला लोकसभेत सत्तारूढ बाजूला बसायची संधी आली, पंतप्रधान मोरारजी देसाईंनी आरोग्य खातं देऊ केलं, तर ते नाकारलं! वैद्यकीय शिक्षण सोडून आलेल्या बाईंना देशाचं आरोग्य खातं मिळत होतं. ते घेतलं असतं तर गोरेगावच्या कितीतरी पट लोकांचं भलं झालं असतं. नुसत्या मोर्चाने आणि भाषणाने राज्य चालत नाही. निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत बसणं ही जबाबदारी असते, ती टाळणं हा त्याग कसा काय?

---

पश्चिमरेखा

वैनतेय, मंत्रिपदाबद्दल तुमच्याशी अर्धा सहमत आहे. पण त्या नकाराच्या आधीची दोन वर्षं विसरू नका.

आणीबाणी लागली तेव्हा त्या विधानसभेच्या सदस्य होत्या. त्या भूमिगत झाल्या, काही महिने वेष पालटून फिरत काम केलं, मग पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना इतर राजकीय कैद्यांपासून वेगळं, एकटं ठेवलं होतं. शेजारच्या कोठडीत मनोरुग्ण बाई, तिचा रात्रंदिवस आरडाओरडा. बाहेर घरी मुलगी. ७७ ची निवडणूक त्यांनी उत्तर मुंबईतून जिंकली, ती या सगळ्यातून उठून. तेव्हाची घोषणा आमच्या वडिलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकली आहे, "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में". दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी. अहिल्याताई रांगणेकरही तेव्हाच मुंबईतून खासदार झाल्या. लाटणे मोर्चातल्या दोघी एकदम लोकसभेत!

जनता पक्षाचं सरकार किती टिकलं ते आपल्याला ठाऊक आहे. मंत्री होऊन त्या दोन वर्षांत आरोग्य खात्याचं काय करू शकल्या असत्या, सांगता येत नाही. पण गोरेगावशी नातं तुटलं असतं हे नक्की.

---

माधवी_ठाणे

वैनतेय यांना उत्तर माझ्या क्षेत्रातून देते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे.

"विरोधी बाकावरून कायदे होत नाहीत" हे ताईंच्या बाबतीत खरं नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षेचा, म्हणजे पोटात मुलगा आहे की मुलगी ते सांगण्याचा, धंदा उघडपणे चालायचा. आज थोडे खर्च करा, पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती भिंतींवर आणि गाड्यांतून असायच्या. आमचे काही सिनियर ही "सेवा" मानायचे, हे लिहिताना आजही संताप होतो. १९८५-८६ च्या सुमाराला मुंबईतल्या डॉक्टर, वकील आणि स्त्री-कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन याविरुद्ध मंच उभा केला. त्यांच्याकडे अभ्यास होता, पाहणी होती, पण सभागृहात जायला दार नव्हतं. ते दार म्हणजे मृणालताई. त्यांनी अशासकीय विधेयक आणलं.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक. अशी बहुतेक विधेयकं सरकारच्या आश्वासनावर मागे घेतली जातात आणि तिथेच विरतात. या वेळी तसं झालं नाही, कारण बाहेर आंदोलन थांबलंच नाही. शेवटी सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य झालं. केंद्राचा कायदा आला १९९४ ला.

तो कायदा निर्दोष नव्हता. चाचणी करून घेणाऱ्या बाईलाही दोषी धरणारी तरतूद त्यात होती. जिच्यावर घरच्यांचा दबाव, तिलाच गुन्हेगार करण्यासारखं ते होतं, आणि चळवळीतल्या लोकांनी तेव्हाच त्यावर टीका केली. अंमलबजावणीचं तर बोलायलाच नको. पण देशाच्या कायद्याची सुरुवात मुंबईत, एका विरोधी आमदाराच्या विधेयकापासून झाली, ही नोंद राहायला हवी. माझ्या ओपीडीबाहेर "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" ही पाटी लावलेली आहे. ती लावणं आज कायद्याने सक्तीचं आहे. नव्या रुग्णांना ती नेहमीची वाटते. मला ती बघितली की या बाई आठवतात.

---

आरे_रोड

माधवीताई, मनापासून धन्यवाद. हे इतक्या तपशिलात मलाही माहीत नव्हतं.

वैनतेय, १९८८-८९ मध्ये ताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही होत्या. आणखी एक राहिलं. अंतुले मुख्यमंत्री असताना सिमेंटवर नियंत्रण होतं, परवान्याशिवाय पोतं मिळत नसे. बिल्डरांना वाढीव कोटा आणि त्याच बिल्डरांच्या देणग्या मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला, हे प्रकरण कोर्टात नेलं ते बाबूराव सामंत, मृणालताई या समाजवादी मंडळींनी. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या वेळी तर ताई आमदार नव्हत्या, खासदारही नव्हत्या. खुर्चीत बसल्याशिवाय राज्य हलत नाही म्हणता, इथे खुर्ची बाहेरून हलली.

---

दिंडोशीकर

मी दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीत राहतो. या धाग्यावर ते आलं नाही म्हणून लॉगिन केलं.

१९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मुंबईत माणशी ५०० चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन "अतिरिक्त" ठरली. ती सरकारने घ्यायची आणि गरिबांच्या घरांसाठी वापरायची, असा हेतू. प्रत्यक्षात त्याच कायद्यात सूट देण्याचं कलम होतं. दुर्बल घटकांसाठी घरं बांधतो असं लिहून द्यायचं, सूट घ्यायची, आणि बांधायचं भलतंच. ताई, बाबूराव सामंत आणि सहकाऱ्यांनी हे कलम वाचलं आणि म्हणाले, दुर्बल घटकांसाठी घरं बांधायचीच आहेत ना, मग आम्ही बांधतो. त्यातून नागरी निवारा परिषद. कोर्टकचेऱ्या, मंत्रालयाच्या फेऱ्या, वर्षंच्या वर्षं. शेवटी दिंडोशीला सहा हजारांहून अधिक घरं उभी राहिली.

माझे वडील एका छापखान्यात कंपोझिटर होते. अर्ज भरताना त्यांच्याकडे उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड, एवढीच कागदपत्रं. हप्ते भरताना आईने दोनदा पाटल्या मोडल्या. मध्ये काम अडलं तेव्हा नातेवाईक म्हणायचे, पैसे बुडाले समजा. सभासदांच्या सभेत ताई स्वतः यायच्या, कुठला कागद कुठल्या टेबलावर अडलाय ते नाव घेऊन सांगायच्या, आणि पुढची तारीख द्यायच्या. वडील म्हणायचे, बाई खोटी आशा दाखवत नाही म्हणून धीर धरवतो. आज आमच्या मजल्यावर निवृत्त बेस्ट कंडक्टर आहेत, परिचारिका आहेत, एक शिक्षक जोडपं आहे. बाजूच्या टॉवरमधल्या घरांचे भाव बघितले की कळतं, आम्ही कुणीही या मुंबईत राहू शकलो नसतो.

तो कमाल जमीनधारणा कायदा महाराष्ट्रात २००७ ला रद्द झाला. हा रस्ताच बंद.

---

रानपाखरू

दिंडोशीकर, वाचून भरून आलं.

मला एक प्रश्न पडतो आणि तो विचारायलाच हवा. एवढं काम, एवढं प्रेम, तरी १९९० ला गोरेगावची जागा शिवसेनेकडे गेली. ज्या वस्त्यांत ताईंनी नळ आणले त्याच वस्त्यांनी दुसऱ्याला मत दिलं. का?

मला वाटतं, समाजवाद्यांनी माणसं जोडली पण पक्ष बांधला नाही. ७७ ला स्वतःचा पक्ष जनता पक्षात विसर्जित केला, जनता पक्ष फुटला, मग तुकड्यांचे तुकडे. झेंडा कुठला, चिन्ह कुठलं, हे दर निवडणुकीला नव्याने सांगायचं. दुसरीकडे सेनेची शाखा रोज संध्याकाळी उघडी. शाळेचा दाखला, रुग्णवाहिका, भांडणतंटा, सगळं तिथे. ताईंच्या मागे दुसरी फळी होती, पण तिला घर नव्हतं. हे त्यांचं वैयक्तिक अपयश नाही म्हणत, पण त्यांच्या पिढीने हा हिशोब मांडला नाही आणि त्याची किंमत शहराने मोजली.

---

वैनतेय

रानपाखरू, माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात. माधवीताईंच्या कायद्याच्या माहितीनंतर "विरोधी बाकावरून काही होत नाही" हे मी मागे घेतो. पण संघटनेचा मुद्दा राहतोच. आमदारकी असताना वॉर्डावॉर्डात पुढची माणसं उभी करणं हेही आमदाराचंच काम आहे.

---

सुलभा_चि

पटतं. पण एक बघा, गोरेगावात स्त्रियांसाठी "स्वाधार" केंद्र सुरू झालं, ट्रस्टचं काम चालू राहिलं. नव्वदच्या दशकात एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनातही ताई होत्याच. १७ जुलै २०१२ ला वसईला त्या गेल्या तोवर लोक सल्ल्याला जात होते. निवडणूक हरली म्हणजे काम हरलं असं नाही. आता गोरेगावच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. मला स्वतःला एखाद्या जलाशयाला किंवा जलकेंद्राला दिलेलं जास्त आवडलं असतं.

---

नवी_वाट

पहिल्यांदाच लिहितेय. मालाडच्या एका वस्तीत संस्थेतर्फे काम करते. पाण्याचंच. तुम्ही साठच्या दशकाबद्दल जे लिहिलंत ते वाचताना मी काल कुठे होते तेच वाचतेय असं वाटलं. आमच्याकडे अजून बायका चाळीस-पन्नास रुपये देऊन ड्रम भरून घेतात. चावीवाला पाणी सोडायला कधी येईल त्यावर घराची झोप ठरते. २०१४ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की झोपडी अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. त्याला इतकी वर्षं झाली तरी अर्ज केला की जागामालकाचं ना हरकत पत्र मागतात. जमीन केंद्र सरकारची असेल तर संपलंच. आरे_रोड यांनी लिहिलेली तीच गाठ.

वस्तीतल्या बायका म्हणताहेत, तू वॉर्डातून उभी राहा. संस्थेतले म्हणतात, उभी राहिलीस तर राजीनामा देऊन जा, आम्हाला राजकीय शिक्का नको. घरचे तर ऐकूनच घेत नाहीत. या धाग्यावरच्या मोठ्या लोकांना काय वाटतं?

---

आरे_रोड

नवी_वाट, सल्ला देण्याइतका मी मोठा नाही, पण गोरेगावात जे बघितलं ते सांगतो.

वॉर्ड सोडू नका. ताई ग्रामपंचायत, महापालिका, विधानसभा, लोकसभा असं सगळं करून आल्या, पण पत्ता गोरेगावच राहिला. दुसरं, एकट्या जाऊ नका. ताई सभागृहात असायच्या तेव्हा गोरेगावचं काम कमलताई देसाईंसारखी माणसं बघायची. तुमच्या मागे वस्तीतल्या निदान दहा बायका अशा हव्यात की तुम्ही सभागृहात असताना त्या वॉर्ड ऑफिसात जाऊन तितक्याच ठामपणे बोलतील. त्यांना अर्ज लिहायला, पोच घ्यायला, माहिती अधिकार टाकायला आत्तापासून शिकवा. रानपाखरू म्हणाले ती चूक तिथे टळेल.

संस्थेने राजीनामा मागितला तर द्या. शिक्का लागणारच आहे, तो तुम्ही ठरवलेला लागू दे.

---

माधवी_ठाणे

आणि वाचन करा. महापालिकेचं अंदाजपत्रक, जल अभियंता खात्याचं परिपत्रक, मुंबई महापालिका अधिनियम. ताईंकडून आमच्या पिढीने हे शिकायला हवं होतं, नियम त्यांना अधिकाऱ्यांइतकाच पाठ असायचा. काही कागद समजला नाही तर इथे टाका, आपल्यात वकील आहेत.

---

वैनतेय

मी निवृत्त लेखापरीक्षक आहे. अंदाजपत्रक वाचायला मदत करीन. पाणीपुरवठ्याचं "जी" अंदाजपत्रक वेगळं असतं, तिथून सुरू करू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

नवी_वाट

व्यनि केला आहे. उद्या संध्याकाळी वस्तीत बैठक आहे, तिथे दहा नावं ठरवते.